उपास करून या

बाई,

परवा माझ्या धाकट्या सुनेच्या मानेत सुई घातली. थायरॉइडची गाठ होती, सुपारीएवढी. हिंदमाताजवळच्या एका तपासणी केंद्रात आम्ही दोघी सकाळी गेलो आणि जेवायच्या वेळेला घरी परत आलो, एवढंच ते काम. पडद्यावर गाठ दिसत होती, सुई तिच्यात शिरताना दिसत होती, आणि ती सुई इतकी बारीक की सुनेने डोळे मिटले ते केवळ मिटायचे असतात म्हणून. रक्त आदल्या आठवड्यात दिलं होतं, त्यातली हार्मोनं जागच्या जागी होती. मी बाहेर बसून माहितीचा कागद वाचत होते. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, उपाशीपोटी येण्याची गरज नाही. ते वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं. सून बाहेर आली आणि म्हणाली, आई, तुमचा चेहरा का उतरलाय, सुई तर मला टोचली. रिपोर्ट काल आला, चांगला आहे. माझं मन मात्र ठिकाणावर येईना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. परळच्या आपल्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगत ती खोली होती आणि खोलीत श्वासाचं यंत्र. थायरॉइड किती काम करते हे रक्तावरून सांगायची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. माणसाला सकाळी उपाशीपोटी आणायचं, अर्धा तास अंधारात स्वस्थ निजवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात रबरी नळी द्यायची आणि तो किती प्राणवायू ओढतो ते फिरत्या कागदावर उमटवून घ्यायचं. मग वय, उंची, वजन यांच्या तक्त्यांवरून हिशेब. आकडा अधिकात फार वर गेला तर थायरॉइड जास्त राबते आहे, उण्यात गेला तर आळसावली आहे. तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत की यंत्र कधी खोटं बोलत नाही, पण भरल्या पोटाचं आणि घाबरलेल्या मनाचंही ते खरंच सांगतं, म्हणून यंत्रापेक्षा माणसाकडे आधी बघायचं. आणि प्रत्येक रोग्याला सांगायचं ते वाक्य मला पाठ करायला लावलं होतंत. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, फळ नाही, दूध नाही, चहा नाही. मी ते पोपटासारखं म्हणत असे. दिवसाला आठ-दहा वेळा म्हणून म्हणून कंटाळतही असे.

त्या खोलीत मी टिकले ती तुमच्यामुळे. आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्ष होत आलं होतं. वडील गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते. विणायच्या खात्यात आमच्या लोकांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो धागा मग दुसऱ्याच्या तोंडी जाणार. आणि त्यांच्याच मुलीच्या हाती तुम्ही दिलीत ती लोकांच्या तोंडात घालायची नळी. गिरगावातल्या एका बाईने विचारलं होतं, ही नळी कोण धुतं? तुम्ही ती नळी उचललीत, स्वतःच्या तोंडात धरून दोन श्वास घेतलेत आणि म्हणालात, "आता उष्टी असेल तर ती माझी आहे." मग ती पुन्हा उकळायला ठेवलीत. मी घरी येऊन हे वडिलांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, चुकू नकोस, दुसऱ्यांची चूक एकट्याची असते, आपली चूक सगळ्या वस्तीची होते. ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. चांगलं वाक्य होतं, पण त्याने मला भित्रीही केलं.

दिवस तर असे की सगळं शहरच धास्तावलेलं. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा लाठी. लालबागच्या नाक्यावर पोलिसांची गाडी उभी नसेल तर लोक विचारत, आज काय झालं? आपल्या खिडकीखालून मिरवणूक गेली की 'झालाच पाहिजे'चा आवाज थेट खोलीत येई, आणि अंधारात स्वस्थ पडलेला रोगी पडल्या पडल्या मूठ वळी. तुम्ही चिडून खिडक्या लावायला सांगत होतात. संयुक्त महाराष्ट्र तुम्हालाही हवा होता, पण सकाळी नऊ ते अकरा नको होता.

त्या दिवसांत ती मावशी आली. लालबागची, मूळची मालवणकडची, गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. चाळिशीची. नवरा सत्याग्रहाच्या तुकडीत जाऊन तुरुंगात बसला होता. मानेच्या उजव्या बाजूला गाठ, घोट गिळला की वर-खाली होणारी. तुम्ही बोट लावून बघितलंत आणि मग माझं बोट धरून तिथे ठेवलंत. मऊ मानेत ती तेवढीच घट्ट लागत होती. तुम्हाला सुई घालायची होती. विलायतेहून तुम्ही ते शिकून आला होतात, सुईने चार पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि बघायच्या. मोठे सर्जन त्याच्या विरुद्ध. गाठ टोचली की पसरते असं त्यांचं ठाम मत. सापाच्या बिळात हात कशाला घालता, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. शेवटी तडजोड अशी ठरली की श्वासाचा आकडा बघायचा. आकडा वर असेल तर गाठ जास्त राबणारी आहे, अशा गाठी बहुधा घातकी नसतात, औषध द्यायचं आणि थांबायचं. आकडा नेहमीसारखा असेल तर मात्र एवढ्या घट्ट गाठीचा भरवसा नाही, मग तुमची सुई. म्हणजे त्या बाईच्या जिवाचा निकाल माझ्या फिरत्या कागदावर येऊन ठेपला, आणि हे मला माहीत होतं.

तिला तपासणीची वेळ मीच दिली. बाहेर गोंधळ चालला होता, दुसऱ्या दिवशी रस्ते बंद होतील अशी आवई होती, जिन्यात दहा माणसं खोळंबलेली. तुमचं ते लांबलचक वाक्य माझ्या जिभेवर आलंच नाही. मी म्हटलं, मावशी, उद्या सकाळी आठला या, उपास करून या. तिने विचारलं, "खयच्या देवाचो?" मला वाटलं थट्टा करते आहे. मी म्हटलं, यंत्राचा. ती हसली, मीही हसले, आणि पुढच्याला हाक मारली.

बाई, हा शब्द माझ्या तोंडून असा का निघाला हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या घरात उपास म्हणजे चूल न पेटणं. संपात गिरणी बंद पडली की उपास. आजी जुन्या दिवसांत देवाचे उपास करायची तेही पाण्यावर, फार तर गुळाचा खडा, कारण साबुदाणा आणायचा तर घरातल्या बाकीच्यांचं काय? दीक्षेनंतर तेही गेलं, वडिलांनी देव उचलले तसे उपासही उचलले. उपासाला खास रांधतात, तूप-जिऱ्याची फोडणी देतात, वर चहा पितात, हे मी ऐकून होते, पण त्या घाईत ते मला आठवलं नाही. माझ्या कानाला उपास आणि उपाशी हा एकच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मावशी आठच्या आधी हजर. रस्ते बंद नव्हते. अर्धा तास निजवली, खिडक्या लावल्या, कानात कापसाचे बोळे घातले. शांत पडली होती. कागदावर रेघ मात्र भराभर चढत गेली. दोनदा घेतलं, दोन्हीदा तेच. हिशेब केला, आकडा अधिकात, चांगलाच वर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? घातकी नाही, मावशी सुटली. मी तिला तसं सुचवलंही. तिने हात जोडले आणि पिशवीतून पितळी डबा काढला. "उपास मोडूक नाय मियां," ती म्हणाली. "हीच खावन इलंय. घे गो, तू पण खा." डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. बटाटा, शेंगदाण्याचं कूट, वर खोबरं. मी कोण, कुठली, तिने विचारलं नाही, एकाच डब्यात दोघींनी हात घातला. पहिला घास मी नुसता चवीने खाल्ला. दुसऱ्या घासाला कळलं. मी विचारलं, कधी खाल्लंत? तर निघताना, भरपेट, वर दोन कप चहा, कारण उपासाला चहा चालतो.

तेव्हाच उठून तुमच्याकडे यायला हवं होतं. तुम्ही वीस पावलांवर होतात. मी डबा धुऊन तिला दिला, कागदावर आकडा लिहिला आणि खाली सही केली. दुपारी तुम्ही तो कागद हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिलात. नाडी फार नाही, हात कोरडे, डोळे ठीक, आकडा तेवढा वर, हे तुम्हाला जमेना. तुम्ही मला विचारलंत, "उपाशी होती ना?" मी म्हटलं, "मी सांगितलं होतं, बाई." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटं कसं बोलावं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी पहिल्याच फटक्यात किती सफाईने जमलं बघा.

सर्जनांनी कागद बघितला आणि विषय मिटला. गोळ्या सुरू झाल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा श्वास मोजायचा, सुई नको. नऊ दिवस मी गप्प होते. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. रोज काहीतरी आडवं येई, म्हणजे मीच काहीतरी आडवं घाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. तुम्ही खोलीत शिरलात की मला वाटे, कळलं. आईने ताटात काही वाढलं की मी माझीच मान चाचपून बघायची. मावशीच्या मानेतली ती घट्ट गाठ रोज थोडी थोडी वाढते आहे असं मला दिसत होतं, आणि तिला दोन मुली होत्या, नवरा तुरुंगात होता. तरी मी गप्प. नोकरी जाईल, वडिलांची मान खाली जाईल, जिन्यातले लोक म्हणतील, बघा, नळी हिच्या हातात दिली. हे सगळं मी एका बाईच्या जिवासमोर ठेवून तोललं आणि नऊ दिवस पारडं माझ्याच बाजूला झुकलं.

शेवटी उठले ते मन खाऊ लागलं म्हणून नव्हे. मावशीची दुसरी मोजणी तुम्ही स्वतः करणार असं तुम्ही आदल्या दिवशी म्हणालात. तुम्ही तिच्याशी दोन वाक्यं बोललात की खिचडी बाहेर येणार होती. त्या दिवशी हरताळ होता. भायखळ्याच्या आमच्या खोलीवरून फणसवाडीला तुमच्या घरापर्यंत मी चालत आले. दुकानं बंद, रस्त्यावर विटांचे तुकडे, एका कोपऱ्यावर जळक्या टायरचा वास, आणि पोलीस बायामाणसांनाही हटकत होते. एकाने कुठे जातेस म्हणून विचारलं तर मी खरंच सांगितलं, डॉक्टरबाईंकडे. छातीवर हात दाबून धरला होता, त्याला वाटलं आजारी आहे.

तुम्ही स्वयंपाकघरात होतात, पाटावर बसून कोथिंबीर निवडत. मी उंबऱ्यातच उभी. आत ये म्हणालात, मी आले नाही, तिथूनच सगळं सांगितलं. उपास करून या म्हटलं, ती खिचडी खाऊन आली, आकडा खोटा आहे. तुम्ही विचारलंत, हे तुला कधी कळलं? मी म्हटलं, "काल. भायखळ्याच्या बाजारात भेटली, बोलता बोलता निघालं." तुम्ही कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवलीत. मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही उठून फडताळातले डबे एकेक करून माझ्यासमोर ठेवलेत, साबुदाणा, वरई, राजगिरा, शेंगदाणे, आणि म्हणालात, "हे सगळं आमच्या उपासात बसतं. एकादशी आणि दुप्पट खाशी. तुला हे माहीत नसणार हे मला सुचायला हवं होतं." मग एकदम आवाज चढला. वाक्य पाठ करून दिलं होतं ते कशासाठी, दोन शब्दांत गुंडाळायला? कोणाचा जीव आहे तो? मी रडले. तुम्ही मला रडू दिलंत आणि मग म्हणालात, रडून झालं असेल तर लालबागला जा, तिला नीट सांग, फळ नाही, चहा नाही, प्रसादसुद्धा नाही.

मी गेले. मावशी खोलीत तांदूळ निवडत होती. तिला समजावलं की खिचडीने आकडा बिघडला, पुन्हा मोजायचं आहे. ती नऊ दिवस मागे गेली असावी, कारण तिचा हात सुपातच थांबला. डबा तिने त्याच दिवशी माझ्यासमोर उघडला होता, तिला काय सांगायचं? मी म्हटलं, बाईंना मी सांगितलंय की तुम्ही काल मला भायखळ्याच्या बाजारात भेटलात तेव्हा हे कळलं. खोटं बोला असं मी तिला म्हटलं नाही, म्हणायची गरज पडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तांदळात बघायला लागली. उद्या किती वाजता येऊ, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी आकडा नेहमीच्या माणसाचा आला. तुम्ही कागद घेऊन सर्जनांकडे गेलात आणि अपुरी सूचना तुम्हीच दिली होती असं सांगितलंत. ते काय काय बोलले ते दाराबाहेर ऐकू येत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाहेर नळ्या उकळत उभा. मग सुई. आजच्यासारखी बारीक नव्हे, आणि पडदा नाही, बोटांनी गाठ पकडायची आणि अंदाजाने जायचं. मावशीच्या मानेखाली उशी, डोकं मागे, मी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलेलं. तुम्ही स्पिरिट लावता लावता, तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून, सहज विचारलंत, खिचडीचं हिला कुठे सांगितलंत? मावशीने वर माझ्याकडे बघितलं, उलट्या चेहऱ्याने.

"भायखळ्याच्या बाजारात भेटला माका ह्या चेडू," ती म्हणाली. "तेवा इचारल्यान. चेडू खऱ्याचा आसा, बाई."

"आता बोलू नका, गिळू नका," तुम्ही म्हणालात आणि सुई घातलीत.

काच तुम्ही रंगवलीत, बघितलीत आणि मलाही बघायला लावलीत. मला जांभळे ठिपके दिसले, तुम्हाला कॅन्सर दिसला. चार दिवसांत शस्त्रक्रिया झाली. उजवी बाजू काढली, आवाज थोडा घोगरा झाला, मावशी गिरणीत परत गेली आणि पुढे पुष्कळ वर्षं जगली. दरवर्षी तपासायला यायची, मला हाक मारायची, आणि त्या दिवसाबद्दल तिने कधी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. तिचे आभार मानायचे म्हणजे काय झालं ते आधी मोठ्याने बोलावं लागलं असतं.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही मला काचा वाचायला शिकवायला घेतलंत. सर्जनांनी विचारलं, हीच मुलगी का? तेव्हा तुम्ही म्हणालात, जिला स्वतःची चूक दुसऱ्याच दिवशी येऊन सांगता येते, तिच्या डोळ्यांवर मी विश्वास ठेवीन. मी तिथेच होते, बाई. पस्तीस वर्षं मी काचा वाचल्या, तुमच्या त्या वाक्यावर. नवीन मुलींना तुम्ही ती गोष्ट सांगायचात आणि मी शेजारी उभी राहून ऐकायची. आज मला माहीत आहे की तसल्या गाठीत नऊ दिवसांनी काही बिघडत नाही. पुस्तकात आहे, मीही कितीदा लोकांना तसं सांगून धीर दिला आहे. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं की ती मरेल, आणि तसं वाटत असूनही मी गप्प बसले होते. हे त्या मावशीला माहीत होतं, आणि ज्या मानेवर ते बेतलं होतं त्याच मानेने ती माझ्यासाठी खोटं बोलली.

हे लिहून झालं की मी कागद कपाटात ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही असं म्हणता येईल, पण ते खरं कारण नाही. तुम्ही आज असतात, फणसवाडीत त्याच घरात असतात, तर मी हे लिहिलंच नसतं.